दुभाजकावर

शालन म्हणाली, एवढ्या उन्हाचं भिंत बघायला कोण जातं?
मी म्हणालो, औषधं आणायचीत.
औषधं गल्लीच्या तोंडालाच मिळतात
हे तिलाही ठाऊक होतं.

व्हीनस कॉर्नरच्या अलीकडं उतरलो.
सव्वीस वर्षं हाच स्टॉप ओरडलोय मी,
गळ्यात कातडी पिशवी, बोटांत तिकिटांचा गठ्ठा,
आणि ही भिंत तेव्हा नुसती भिंत होती,
चार मजली, बिनखिडकीची, शेवाळानं काळवंडलेली,
खाली कुणीतरी 'येथे' लिहून पुढचं खोडलेलं.

आता तिच्यावर
हे.

काय म्हणू? निळं आहे, पुष्कळ.
निळ्यात घुसलेला एक शेंदरी तुकडा, पाचरीसारखा.
वर पिवळे गोळे, एकही धड गोल नाही.
आणि डाव्या कडेनं एक काळी रेघ
निघाली ती निघालीच,
गच्ची संपली म्हणून थांबली.

समोरच बाबालाल मुजावरचा रसाचा गाडा.
चरक थांबवून तो म्हणाला,
"म्हस हाय ती. बसल्याली. शिंगं बघा की."
सिलिंडरवाला पोऱ्या म्हणाला, राधानगरीचं धरण, दारं उघडल्यालं.
फौंड्रीतनं रात्रपाळी करून आलेला एकजण
शेंदऱ्याकडं बघत नुसता "वतायला घेतलंय" म्हणाला
आणि ग्लास ठेवून गेला.
रंगवणारी पोरगी नेर्लीची, दीड महिना परांचीवर होती म्हणे.
बाबालाल रोज विचारायचा, काय काढतीयास?
ती रोज म्हणायची, मलाबी अजून कळंना, काका.
रस बिनआल्याचा प्यायची.

मला म्हैस दिसली नाही. धरणही नाही.
खरं तर अख्खी भिंतच दिसेना.
इथून झाडाची फांदी आड, तिथून बँकेची पाटी,
मध्येच के.एम.टी. येऊन उभी,
आत नवा कंडक्टर, मशीन टर्रर्र करून तिकीट काढतो,
वर बघतसुद्धा नाही.
बस हलली की पुन्हा निळं,
पण जरा दुसरंच.

"पुरी बघायची तर मधी जावा," बाबालाल म्हणाला, "दुभाजकावर."

गेलो. या गुडघ्यांना ती उडीच.
लाल दिवा. पंचेचाळीस, चव्वेचाळीस.

एकोणतीसच्या आसपास कधीतरी
मला माझ्या पिशवीचा तळ दिसला.
पंच मारला की तिकिटाचा गोल कपचा पडायचा,
गुलाबी, पिवळा, पोपटी, ज्या त्या भाड्याचा.
रात्री डेपोत पिशवी उलटी केली की टेबलावर ढीग.
पैशाचा हिशेब व्हायचा, त्याचा कुणी मागत नसे.
एकदा मूठभर घरी आणले, धाकटीला.
तिनं परातीत पाणी घेऊन सोडले,
रंग सुटत गेला, एकात एक,
ती हात मागं बांधून बघत राहिली
आणि शालनला कणीक मळायची होती,
तिनं परात मोरीत ओतली.
एवढंच. तीस वर्षं आठवलं नव्हतं.

भिंतीवर तेच काढलंय, असं नाही म्हणत मी.
ती पोरगी तेव्हा जन्मलीही नसेल.

नऊ उरले तेव्हा दिसलं,
उजवीकडं खाली हातभर जागा राहूनच गेलीय.
परांचीचा वासा टेकला असेल.
तिथं जुनी भिंत, माझ्या ओळखीची,
आणि तिच्यावर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ.
ती कुणी काढली
हे मात्र इथं कुणी विचारत नाही.

हिरवा पडला. शिट्टी.
"ओ आजोबा, तिथं काय हाय?"
दोन्ही अंगांनी गाड्या, मध्ये मी,
हातात औषधाची रिकामी पिशवी,
आणि उजव्या हाताची बोटं
पंच मारावा तशी मिटत, उघडत.

घरी शालननं विचारलं, काय होतं?
म्हैस, मी म्हणालो. बसलेली.
ती म्हणाली, आणि औषधं?
म्हटलं, उद्या परत जावं लागंल.